पाण्यासाठी राखलेले रान : विहार तलावाच्या काठचा एक इतिहास



व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय जाहीर झाला की मंडळी किल्ले, तह आणि लढाया ऐकण्याच्या तयारीने येतात, याची आम्हांला कल्पना आहे. आज आम्ही एका तलावाचा, त्याच्या काठच्या झाडाझुडपांचा आणि त्या झाडाझुडपांवर जगणाऱ्या फुलपाखरांचा इतिहास सांगणार आहोत. झाडाला आणि पाकोळीला इतिहास कसला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, माणसाने कोणती जमीन कशासाठी घेतली, काय तोडले, काय राखले आणि ते कोणत्या हेतूने राखले, हा सगळा इतिहासच आहे. त्याची नोंद दप्तरखान्यात असते तशी रानातही असते. ती वाचण्याची रीत तेवढी वेगळी आहे.

आमचा तलाव म्हणजे मुंबईच्या उत्तरेकडचा विहार. साष्टीच्या डोंगरांत तीन तलाव जवळजवळ आहेत : विहार, तुळशी आणि पवई. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली आणि पवई १८९१ साली. तिन्ही माणसाने बांधलेले, आणि तिन्ही एकाच गरजेपोटी, म्हणजे मुंबईच्या तहानेपोटी. परंतु तिघांचे नशीब सारखे निघाले नाही. का निघाले नाही, हाच आजचा मुख्य मुद्दा आहे.

या डोंगरांत पाणी साठवण्याचा उद्योग इंग्रजांनी सुरू केला, असे मात्र कोणी समजू नये. तुळशीजवळच कान्हेरीची लेणी आहेत. शंभरावर लेणी खोदणाऱ्या त्या भिक्षूंनी खडकात पाण्याची टाकीही खोदली. डोंगरावरून वाहणारे पावसाचे पाणी पन्हळींनी वळवून टाक्यांत घ्यायचे आणि उन्हाळाभर पुरवायचे, अशी ती व्यवस्था होती. तेथल्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ असा शब्द आहे. कोणी एका व्यापाऱ्याने लेणे दिले, तसेच कोणी पोढी दिली. पाणी देणे हे पुण्य होते, आणि ते पुण्य नाव घालून दगडावर कोरून ठेवण्याजोगे होते.

खाली मुंबईत स्थिती वेगळी होती. सात बेटांची मिळून झालेली ती वस्ती विहिरींवर आणि तळ्यांवर जगत असे. आज धोबीतलाव म्हणताना तेथे तलाव दिसत नाही. गोवालिया तलाव आणि दो टाकी ही नावेही पाण्यावाचून उरली आहेत. वस्ती वाढली तशी ही तळी अपुरी पडली, उन्हाळ्यात आटू लागली आणि घाणही झाली. १८५० नंतरच्या दशकात टंचाई इतकी वाढली की शहराबाहेरून पाणी वाहून आणण्याची पाळी आली. तेव्हा हेन्री कॉनीबेअर या इंजिनियराची योजना सरकारने उचलली. मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यात तीन बंधारे घालून पाणी अडवायचे आणि ते नळाने शहरात न्यायचे, अशी ती योजना. काम १८५६ साली सुरू होऊन १८६० साली पुरे झाले. दररोज सुमारे ३.२ कोटी लिटर पाणी मिळावे, असा तिचा अंदाज होता. चारच वर्षांनी, १८६४ साली मुंबईची खानेसुमारी झाली तेव्हा लोकसंख्या भरली ८,१६,५६२! तेव्हा एका तलावाने भागणार नव्हते हे उघडच होते, आणि म्हणून तुळशी व पवई यांची कामे पुढे निघाली.

येथपर्यंतची हकीकत नगररचनेच्या इतिहासात सापडते. आम्हांला महत्त्वाची वाटते ती तिची दुसरी बाजू. तलावाचे पाणी शुद्ध राहायचे तर ज्या डोंगरउतारांवरून ते येते ते उतारही शुद्ध राहिले पाहिजेत. म्हणून विहार व तुळशी यांचे पाणलोट नगरपालिकेने आपल्या ताब्यात ठेवले आणि तेथे वस्ती, शेती व वर्दळ यांना मज्जाव केला. खोऱ्यातली जुनी शेते पाण्याखाली गेली, आणि ज्यांचा त्या रानावर पिढीजात वावर होता त्यांना परके व्हावे लागले. ही किंमत कोणी मोजली, हे विसरून या कथेचा नुसता गौरव करणे अन्यायाचे होईल. परंतु त्या बंदीचा एक परिणाम असा झाला की, भोवतालची साष्टी उघडी पडत असता हे दोन पाणलोट झाडीने भरलेले राहिले. पुढे येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि टप्प्याटप्प्याने वाढत ते आज सुमारे शंभर चौरस किलोमीटरांचे आहे. त्याच्या पोटातच हे दोन तलाव आहेत. म्हणजे रान राखण्याचा कायदा नंतर आला, पाणी राखण्याचा दंडक आधी आला.

आता या रानात काय होते आणि काय आहे, हे आपणांस कळते कशावरून? त्यासाठी काही माणसांची ओळख करून घेतली पाहिजे.

मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची पहिली मोठी यादी १८३९ सालची. ती करणारा जॉन ग्रॅहॅम हा टपाल खात्यातला अधिकारी होता. यादी छापून पुरी होण्याआधीच तो वारला आणि त्याचा स्नेही निम्मो याने ती पुरी केली. त्यानंतर अलेक्झांडर गिब्सन. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा हा प्रमुख १८४७ साली मुंबई इलाख्याच्या जंगलांचा पहिला प्रमुख अधिकारी झाला. कोकणात झाडी तुटली की झरे आटतात, असा इशारा त्याने सरकारला दिला होता. विहार पुरा झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८६१ साली, डॅलझेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला. पुढे १९०१ ते १९०८ या काळात, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी तेच काम अधिक तपशिलाने केले.

परंतु याद्या करणारे सगळे साहेबच होते, असा समज करून घेण्याचे कारण नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन एक निसर्गविषयक संस्था काढली. तीच आजची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. त्या आठांत दोन आपले डॉक्टर होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, औषधी वनस्पतींचे जाणकार, डॉ. रखमाबाईंचे ते सावत्र वडील. स्त्रीच्या हक्कासाठी गाजलेल्या खटल्यात ज्या घराचे नाव सर्वतोमुखी झाले, त्याच घरात झाडपाल्याचा अभ्यासही चालू होता, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. पुढे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईच्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. वैद्यकाच्या वाटेने वनस्पतिशास्त्राकडे जाण्याची ही परंपरा आपल्याकडे चांगली रुजली होती.

आणि त्या आठांतलाच एक एडवर्ड हॅमिल्टन एटकन. हा १८५१ साली साताऱ्यास जन्मला. नोकरी जकात व मीठ खात्यात. परंतु जीव गुंतला होता किड्यामुंग्यांत, पाखरांत आणि पाकोळ्यांत. ‘एहा’ या टोपणनावाने त्याने लिहिलेली खुसखुशीत पुस्तके आजही वाचली जातात. परंतु त्याचे मोलाचे काम वेगळे आहे. त्या काळी फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे जाळ्याने पकडून, टाचणीने टोचून, पेटीत मांडणे. एटकन आणि त्याचे मित्र डेव्हिडसन व बेल यांनी दुसरी रीत धरली. ते रानातून अंडी व अळ्या शोधून आणीत, घरी त्याच झाडाचा पाला घालून वाढवीत आणि कोशातून कोणते फुलपाखरू निघते ते पाहत. १८९६ च्या सुमारास त्यांनी कारवार भागातल्या फुलपाखरांवर जे लेख लिहिले, त्यांत जातीजातीपुढे तिच्या अळीचे वर्णन आणि ती ज्यावर जगते त्या झाडाचे नाव आहे. बेल हा जंगल खात्यातला. निवृत्तीनंतरही कारवारातच राहिला आणि १९४८ साली तेथेच वारला. पुढे १९५७ साली विंटर-ब्लाइथ यांचा भारतीय फुलपाखरांवरचा जो ग्रंथ सोसायटीने काढला, त्याच्या मागेही या पाला चारणाऱ्या माणसांची मेहनत आहे.

अळीच्या पाल्याला एवढे महत्त्व का? येथे आपण थोडे थांबू, कारण सगळी मेख येथेच आहे.

फुलपाखरू फुलावर बसते ते मध पिण्यासाठी. फूल कोणते, देशी की परदेशी, याची त्याला फारशी फिकीर नसते. घाणेरीचे झुडूप अमेरिकेतून आले, बागेतून पळाले आणि रानभर माजले; तरी तिच्या फुलांवर आपली पाकोळी खुशाल बसते. म्हणून बागेत फुलपाखरे दिसली की सर्व ठीक आहे, असे आपणांस वाटते. परंतु मादी अंडी घालते ती त्या फुलावर नव्हे. ती पाने हुंगत, पायांनी चाचपत फिरते आणि नेमके एक झाड किंवा एका कुळातली दोनचार झाडे निवडते. त्या पानांखेरीज तिची अळी दुसरे काही खात नाही. उपाशी मरते, पण खात नाही. तेव्हा ज्या गावात ते झाड नाही, तेथे ते फुलपाखरू फार तर पाहुणे म्हणून येईल. त्याचा संसार तेथे होणार नाही.

विहारच्या काठाकडे या दृष्टीने पाहा. पाण्यालगतच्या दलदलीत काटेरी कोळशिंदा उगवतो. त्यावर पंखांवर मोराचे डोळे मिरवणाऱ्या पाकोळीची अळी वाढते. जरा वर आलो की टाकळा. त्यावर चिमुकली पिवळी फुलपाखरे. बाहव्यावर फिकट पिवळसर पांढरी. उघड्या माळावर रुई; तिच्यावर नारिंगी पंखांची, काळ्या काठाची फुलपाखरे. झाडांच्या फांद्यांवर बांडगूळ असते. आपण त्याला नावे ठेवतो, ‘बांडगूळ’ ही शिवीच केली आहे. पण पिवळा-तांबडा पदर मिरवणारी एक देखणी पाकोळी त्याच्याच पानांवर वाढते. उंबरावर वेगळी, टेंभुर्णीवर वेगळी. उतारांवर कारवी माजलेली आहे. वारल्यांच्या झोपड्यांच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या काठ्यांच्या. ती या डोंगरांत आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरून जाते. २००८, २०१६ आणि २०२४ या साली ती अशी फुलली. पंख मिटले की हुबेहूब वाळल्या पानासारखे दिसणारे जे फुलपाखरू आहे, त्याच्या अळीला हीच कारवी लागते.

ईश्वरीची गोष्ट तर विशेष ऐकण्याजोगी आहे. ही वेल आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक आहे. सर्पदंशावर तिचे नाव घेतात म्हणून तिला सापसंदही म्हणतात. वेल विषारी. परंतु तांबड्या अंगाची काही काळी फुलपाखरे आपली अंडी तिच्यावरच घालतात. अळी पाल्याबरोबर विष खाते, ते अंगात साठवते आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही ते अंगात राहते. पक्ष्याने असे फुलपाखरू एकदा तोंडात घेतले की पुन्हा त्या रंगाच्या वाटेला तो जात नाही. आता लिंबाच्या, कढीपत्त्याच्या पानांवर वाढणारे दुसरे एक फुलपाखरू आहे. त्याच्या अंगात विष नाही. परंतु त्याच्या काही माद्या हुबेहूब ईश्वरीवरच्या फुलपाखरांसारखा पोशाख करतात आणि पक्ष्यांना चकवतात. एकाच नराच्या अशा निरनिराळ्या रूपांच्या माद्या पाहून इंग्रजांनी त्याला ‘मॉर्मन’ हे नाव दिले. त्या पंथात तेव्हा बहुपत्नीत्वाची चाल होती. परंतु हे सोंग चालते केव्हा? पक्ष्याला खऱ्या विषारी फुलपाखराची अद्दल घडलेली असेल तेव्हा. म्हणजे ईश्वरीची वेल उपटली तर तिच्यावर जगणारे फुलपाखरू तर जातेच, आणि कढीपत्त्यावरच्या फुलपाखराचे संरक्षणही ढासळते. एका वेलीचा एवढा प्रपंच आहे.

याच मॉर्मनचा थोरला भाऊ म्हणजे तळहाताएवढे, काळ्या मखमलीवर निळे पट्टे असलेले फुलपाखरू. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि ‘राणी पाकोळी’ हे नाव सर्वांच्या कानांवर आले. असे फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु राणीचा राजवाडा म्हणजे माकडलिंबू आणि त्याची लिंबाच्या कुळातली भावंडे. रानातला माकडलिंबू आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? मान दिला, पण ताट वाढले नाही, असे होऊ नये.

तलावाचे काम येथेही आहे. वैशाखात पाणी मागे सरते आणि काठाची ओली माती उघडी पडते. तेथे फुलपाखरांचे, विशेषतः नरांचे, थवे बसलेले दिसतात. ते पाण्यासाठी जेवढे येतात तेवढेच मातीतल्या क्षारांसाठी येतात. मधात ते क्षार मिळत नाहीत. म्हणजे तलावाचा काठ हा त्यांचा मिठागरच आहे. काठाला सिमेंटची भिंत बांधली की तलाव राहतो, पण काठ जातो.

येथे आम्हांला आमचाच एक दोष कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका गावच्या तळ्याच्या सुशोभीकरणासाठी नेमलेल्या समितीत आम्ही होतो. काठची रुई, टाकळा, कोळशिंदा, झाडांवर चढलेल्या वेली हे सगळे ‘गवत व कचरा’ म्हणून काढावे, हिरवळ अंथरावी, शोभेची झाडे लावावीत, असा ठराव झाला आणि त्यावर आमचीही सही आहे. काम चालू असता तेथे कापणीला लागलेल्या एका बाईने आम्हांला विचारले, “भाऊ, आखाडात आम्ही इथनं टाकळ्याची भाजी नेतो. ती पण काढणार काय?” आम्ही हसून काहीतरी उत्तर दिले. पुढल्या पावसाळ्यात हिरवळ उत्तम आली. फुले आली, त्यांवर थोडी फुलपाखरेही आली. परंतु दोन पावसाळ्यांत त्यांची संख्या डोळ्यांदेखत घटली. पिवळी चिमुकली तर दिसेनाशीच झाली. एटकन आणि बेल यांचे लेख आम्ही तेव्हा वाचलेले होते, हेच अधिक लाजिरवाणे. त्या बाईला जे भाजीमुळे ठाऊक होते, ते आम्हांला पुस्तके वाचूनही सही करताना आठवले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तीन तलावांचे नशीब सारखे का निघाले नाही?

विहार आणि तुळशी यांचे पाणी मुंबई आजही पिते. विहारची साठवण सुमारे २,७७० कोटी लिटर, तुळशीची सुमारे ८०० कोटी. शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांत हे दोन सर्वांत लहान आहेत. तरी त्यांचे पाणी लोकांच्या तोंडी जाते, म्हणून त्यांचे डोंगर राखले गेले. पवईचे तसे झाले नाही. तो बांधून झाल्यावर काही वर्षांतच त्याचे पाणी पिण्याजोगे नाही असे ठरले. त्या दिवसापासून त्याच्या डोंगरांना रखवालदार उरला नाही. दगडाच्या खाणी आल्या, वसाहती आल्या, उंच इमारती आल्या, सांडपाणी आले; आणि सांडपाण्यावर पोसणारी परदेशी जलपर्णी आली. तलावाच्या काठाने सायकलींचा मार्ग बांधण्याचे काम सुरू झाले, ते २०२२ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवले. म्हणजे ज्या काठाचे रक्षण पूर्वी नळाच्या तोटीने केले असते, त्यासाठी नागरिकांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

आणि ही गोष्ट केवळ पाकोळ्यांची नाही. विहार व पवई यांचे जादा पाणी मिठी नदीतून समुद्राला जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या नदीने काय केले, हे मुंबईकर विसरलेला नाही. एवढा पाऊस कोणत्याही रानाने जिरवला नसता, हे खरे. परंतु नदीच्या वाटेवरचे काठ, पाणथळी आणि झाडी आपण किती आवळत आणली होती, याचा हिशेब त्या दिवशी एकदम समोर आला.

तेव्हा इतिहासावरून निघणारा निष्कर्ष असा. विहारचे रान कोणी फुलपाखरांच्या प्रेमाने राखले नाही. ते पाण्याच्या गरजेने राखले गेले आणि फुलपाखरे त्या आसऱ्याने जगली. गरज हा चांगला रखवालदार आहे, परंतु गरज सरली की तो पहारा सोडून जातो. पवईत तो गेला. आपल्या महाराष्ट्रात गावोगाव अशी तळी आहेत, ज्यांचे पाणी पूर्वी गाव पीत असे आणि नळ आल्यावर कोणी पीत नाही. त्यांचा पहारा उठलेला आहे. तेथे आता गरजेच्या जागी जाणतेपण उभे राहिले पाहिजे. दुसरा उपाय आम्हांला दिसत नाही.

जाणतेपण म्हणजे मोठे काही नव्हे. आपल्या गावच्या तळ्याच्या काठाने एक पावसाळा हिंडावे. कोणती झाडे आपोआप उगवतात ते पाहावे, त्यांची नावे गुराख्यांना, भाजी खुडणाऱ्या बायांना आणि वैद्यांना विचारून लिहून ठेवावीत. कोणत्या पानावर कोणती अळी आहे ते टिपावे. एटकनने याहून वेगळे काही केले नव्हते. नगरपालिका सुशोभीकरणाचा आराखडा मांडील तेव्हा ती वही घेऊन सभेला जावे आणि विचारावे, की या यादीतले काय राहणार आणि काय जाणार? लावायचीच असतील तर उंबर, करंज, बाहवा, माकडलिंबू लावावेत. काठाची थोडी माती उघडी सोडावी. आणि टाकळ्याला टाकळ्याच्या जागी राहू द्यावे.

कान्हेरीला पोढी देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. तळ्याकाठची ईश्वरीची वेल जो उपटू देणार नाही, त्याचे नाव कोठेही कोरले जाणार नाही. परंतु पुढच्या वैशाखात ओल्या मातीवर पाकोळ्या उतरतील, आणि त्या कोणामुळे उतरल्या हे निदान त्याला ठाऊक असेल. त्या गावच्या तळ्याकाठी आता आम्ही एका कोपऱ्यात ईश्वरी पुन्हा लावली आहे. ती अजून कंबरेएवढीच चढली आहे. तिच्यावर पहिली अळी ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी ठरावावरची आमची ती सही थोडीशी पुसली गेली, असे आम्ही समजू.